रत्नागिरी ते लंडन: अंतर किती, विमानाला वेळ किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या वाडीतल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आता लंडनला किंवा त्याच्या आसपास आहे. कुणी इस्पितळात, कुणी आयटीत, कुणी शिकायला. वर्षा-दोन वर्षांनी आई-वडिलांना बोलावणं येतं आणि मग संध्याकाळी आमच्या पडवीत प्रश्न सुरू होतात. माझा भाऊ तिकडे असतो आणि आई-बाबांना आजवर तीनदा मीच विमानात बसवून दिलं आहे, म्हणून लोक माझ्याकडे येतात. तेच प्रश्न, जसे विचारले जातात तसे, इथे घेतले आहेत.

रत्नागिरीपासून लंडन नक्की किती लांब?

हवाई अंतर सुमारे ७,४०० किलोमीटर. विमान रत्नागिरीहून सुटत नाही, मुंबईहून सुटतं. मुंबई विमानतळ ते हीथ्रो हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. सिंधुदुर्गातल्या लोकांना जवळ पडणाऱ्या गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मोजलं तर साधारण ७,५५० किलोमीटर भरतं.

आकडा ऐकून काही डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून मी आपल्या रेल्वेचं माप सांगतो. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेचा मार्ग ७४१ किलोमीटरचा. तो दहा वेळा एकापुढे एक ठेवला की रत्नागिरी ते लंडन.

आणि विमानाला किती तास?

मुंबईहून थेट विमानाने जाताना साडेनऊ ते साडेदहा तास, वाट वळसा घालून असेल तर त्याहून जास्त. येताना साडेआठ ते साडेनऊ. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीसाठी रांगेत थांबणं, उतरण्याआधी लंडनवर घिरट्या घालणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. विमानाचा वेग ताशी साधारण ९०० किलोमीटर. भागाकार केला तर आठच तास येतात. वरचा वेळ वारा, वळसा आणि चढ-उतार यांत जातो.

जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, असं का? पृथ्वी फिरते म्हणून?

नाही. हा समज फार जणांचा आहे, आमच्या एका निवृत्त मास्तरांचाही होता. पृथ्वी फिरते तशी तिच्यावरची हवाही तिच्याबरोबर फिरते, त्यामुळे विमानाखालून जमीन सरकून जाते असं होत नाही.

खरं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि उत्तर भारतावरूनही एक पट्टा जातो. खाडीत होडी चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ओहोटीच्या पाण्याबरोबर मुखाकडे निघालेली होडी आणि भरतीच्या पाण्यातून तिकडेच निघालेली होडी, वल्हं तेवढंच मारलं तरी वेळ सारखा लागत नाही. लंडनला जाताना विमान वाऱ्याच्या तोंडावर असतं, येताना वारा पाठीशी असतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी तासभर जास्त धरावा.

नकाशावर लंडन वायव्येला दिसतं. मग विमान सरळ समुद्रावरून, अरबस्तान ओलांडून जातं का?

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेष ही सर्वांत जवळची वाट नसते. शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या आणि मुंबई-लंडन अशी सुतळी ताणून धरा. सुतळी अरबस्तानावरून न जाता पाकिस्तान, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्र, मग रशिया-युक्रेनच्या बाजूने वर चढून युरोपात उतरते. मी हा प्रयोग मुलांसमोर केला आहे आणि मोठी माणसंच जास्त वेळ गोल फिरवत बसली.

आता यातली अडचण अशी की ती सुतळीची वाट आज उडता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनचं आकाश बंद झालं आणि ब्रिटिश व युरोपीय विमानांना रशियाचंही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे भारतीय विमान आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे जातं आणि मग उत्तरेला वळतं. एकाच दिवशी मुंबईहून सुटणाऱ्या दोन कंपन्यांच्या विमानांच्या वेळा वेगळ्या दिसतात त्याचं एक मोठं कारण हे आहे. आखातात काही बिघडलं तर वाट आणखी बदलते. म्हणून मागच्या वर्षी शेजारच्या वहिनींना किती तास लागले त्यावर जाऊ नये, आपल्या तिकिटावरचा वेळ वाचावा.

म्हणजे आम्ही दहा तासांत लंडनला?

या प्रश्नासाठीच हे सगळं लिहायला बसलो. दहा तास विमानाचे आहेत, तुमच्या प्रवासाचे नाहीत. मुंबईतला माणूस विमानाचे तास मोजतो, ते त्याला परवडतं. कोकणातल्या माणसाने उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मोजायला हवं.

समजा विमान दुपारी एकला आहे आणि महिना जानेवारीचा. तुम्ही आदल्या रात्री दहाला घर सोडलंत. रात्रीची गाडी पकडून पहाटे ठाणे किंवा दादर. तिथून विमानतळ, तीन-चार तास आधी पोचायचं म्हणून सकाळी नऊला दारात. दुपारी एकला उड्डाण. दहा तासांनी, आपल्या रात्रीच्या अकराला, म्हणजे तिथल्या संध्याकाळच्या साडेपाचला विमान उतरतं. पासपोर्टची रांग, सामान, मग मुलाच्या घरापर्यंतची गाडी, यात दोन तास. दाराची बेल वाजवाल तेव्हा तुमच्या अंगातल्या घड्याळात रात्रीचा एक वाजलेला असतो. रात्री दहा ते दुसऱ्या रात्रीचा एक: सत्तावीस तास. त्यातले दहा विमानात.

आणखी एक गोष्ट बघा. रत्नागिरी ते मुंबई हवाई अंतर फक्त २४० किलोमीटरच्या आसपास आहे, रस्त्याने ते ३३० ते ३५० होतं. पुढच्या ७,२०० किलोमीटरला दहा तास लागतात आणि या पहिल्या तुकड्याला, घरातून निघून विमानतळाच्या दारात पोचेपर्यंत, अकरा तास. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की सत्तरी ओलांडलेल्या माणसाची दमछाक या पहिल्या तुकड्यात होते. बेत आखताना सगळं लक्ष विमानावर जातं आणि मुंबईपर्यंतचं अंतर "बघू रे, होईल" म्हणून सोडून दिलं जातं. जमत असेल तर आदल्या दिवशी दिवसाच्या गाडीने जा, ठाण्यात किंवा अंधेरीत नातेवाइकाकडे मुक्काम करा, रात्री पाठ टेका आणि दुसऱ्या दिवशी ताजे होऊन विमानतळावर जा. आईला पहिल्या खेपेला मी रात्रीच्या गाडीने नेलं. विमानात ती जेवलीसुद्धा नाही, नुसती झोपून होती. दुसऱ्या खेपेला मामेबहिणीकडे मुक्काम केला, तर तीच बाई खिडकीतून बर्फाचे डोंगर दाखवत होती असं बाबा सांगतात.

मुंबई, नवी मुंबई की मोपा? आम्हाला काय जवळ?

संगमेश्वर-चिपळूणच्या वर राहणाऱ्यांनी मुंबईकडे बघावं. कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या लोकांनी मोपाचा विचार आधी करावा. सावंतवाडीहून मोपा तासाभराच्या आत. रत्नागिरी मध्येच अडकते. इथून मोपा रस्त्याने चार-साडेचार तास. मुंबईपेक्षा कमीच, पण तिथून लंडनला जाणारी विमानं मोजकी.

मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. तिथून लंडनच्या गॅटविकला थेट विमान होतं, ते जून २०२५ मध्ये थांबवलं गेलं. अशा सेवा मोसमाप्रमाणे येतात-जातात, तेव्हा थेट विमान आहे असं कुणी सांगितलं तर तुमच्या तारखेला आहे का ते आधी पाहा. दोहा किंवा मस्कतमार्गे जाण्याची सोय मोपाहून झाली आहे.

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं सुटायला लागली, सुरुवात देशातल्या देशात. आपल्याला तो सोयीचा, कारण कोकणातून जाणारी प्रत्येक गाडी पनवेलला येतेच. पण एकाच शहराच्या नावाखाली दोन विमानतळ झाले की घोटाळे होतात. गोव्यात हे झालंच आहे: दाबोळीचं तिकीट घेऊन मोपाला पोचलेली माणसं मला माहीत आहेत. तिकिटावरची तीन अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई, जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. तिकडे एलएचआर हीथ्रो आणि एलजीडब्ल्यू गॅटविक. मुलगा न्यायला हीथ्रोवर आणि आई गॅटविकवर, असं व्हायला नको.

सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ? ९ ऑक्टोबर २०२१ ला तो सुरू झाला तेव्हा फार आशा होती. मात्र मुंबईची जोडणी टिकून राहिलेली नाही. लंडनच्या विमानाची वेळ चिपीवर टांगून ठेवू नका.

गाडी आणि विमान यांच्यात किती वेळ मोकळा ठेवायचा?

उन्हाळ्यात-हिवाळ्यात गाडी पोचण्याची वेळ आणि विमान सुटण्याची वेळ यांत किमान आठ तास. पावसाळ्यात पूर्ण एक दिवस, आणि यात तडजोड नाही.

पावसाळ्यात कोकणातल्या गाड्या वेग कमी करून चालवतात, त्यासाठी वेगळं पावसाळी वेळापत्रक असतं, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. त्या काळात जुन्या वेळांवर विसंबू नये. त्यात दरड आली की संपलंच. एका जुलैत बाबांना घेऊन निघालो होतो. रात्री दीडला गाडी थांबली, पुढे रुळांवर माती आलेली. सकाळी साडेनऊपर्यंत हललो नाही. डब्यात चहा संपला, बाबा काही बोलत नव्हते, मी फोनवर विमानाची वेळ बघत होतो. विमान गेलं. दुसऱ्या तिकिटाचे पैसे भरावे लागले, पण त्याहून वाईट म्हणजे बाबांना वाटत राहिलं की आपल्यामुळे मुलांना भुर्दंड. तेव्हापासून पावसाळ्यात मी एक रात्र मुंबईत धरतोच.

आरक्षणाची गोष्टही लक्षात ठेवा. विमानाचं तिकीट दहा-अकरा महिने आधी मिळतं. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे विमान ठरलेलं आणि गाडी अजून हातात नाही, असे कित्येक महिने जातात. साठावा दिवस कॅलेंडरवर आजच खुणावून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी आठला बसा. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात मुंबईहून सुटणारं विमान असेल तर गाडीच्या भरवशावर राहूच नका. अख्खं कोकण त्याच दिशेला निघालेलं असतं.

थेट विमान घ्यावं की मध्ये बदलावं?

आई-वडील एकटे जात असतील तर थेट. पैसे जास्त गेले तरी थेट.

तरुणांना मात्र एक गंमत सांगतो. लोकांना वाटतं दोह्यावरून जाणं म्हणजे मोठा वळसा. मोपा-दोहा सुमारे २,५५० आणि दोहा-लंडन सुमारे ५,२५० किलोमीटर, मिळून ७,८००. थेट ७,५५०. फरक फक्त अडीचशेचा, कारण एवढ्या लांबच्या वाटेत थोडं बाजूला गेलं तरी अंतर फारसं वाढत नाही. वेळ जातो तो तिथे थांबण्यात. थांबा दोन ते चार तासांचा असेल तर कुडाळच्या माणसाला मुंबईपर्यंतचा रात्रभराचा प्रवास वाचतो आणि एकूण हिशेबात तो बरोबरीलाच राहतो, कधी पुढेही. दीड तासाहून कमी थांबा घेऊ नका; पहिलं विमान जरा उशिरा आलं की दुसरं सुटतं.

आईला चालवत नाही फार. काय करायचं?

तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवा, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. आमच्याकडच्या बायकांना खुर्चीत बसायची लाज वाटते, "मी काय आजारी आहे?" म्हणतात. त्यांना सांगा, की हीथ्रोवर विमानापासून बाहेरच्या दारापर्यंत चालणं खूप आहे, आणि खुर्चीवाला माणूस पासपोर्टच्या खिडकीपर्यंत बरोबर असतो. इंग्रजीचं दडपणही निम्मं होतं.

दर दोन तासांनी उठून चार पावलं टाकायची, पाणी प्यायचं, पायांत सैल मोजे. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. शाकाहारी जेवण आधी सांगून ठेवा.

तिकडे किती वाजले हे कसं ओळखायचं?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. उरलेल्या महिन्यांत ते घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा.

आजींसाठी सोपी युक्ती: हिवाळ्यात काट्यांचं घड्याळ उलटं धरा. आपले तीन वाजलेले असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतात. दुपारी तीन म्हणजे लंडनचे सकाळचे साडेनऊ, बरोबर. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा.

येताना तारीख बदलते हे विसरू नका. जानेवारीत लंडनहून रात्री नऊला सुटलेलं विमान नऊ तास उडून मुंबईला पोचतं तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. गाडीचं परतीचं आरक्षण करताना बऱ्याच जणांची इथेच एक दिवसाची चूक होते.

उपास किंवा रोजा असेल तर? सूर्य कधी मावळणार?

दुपारी निघून पश्चिमेला जाताना दिवस लांबतो. सूर्य पश्चिमेकडे सरकतो आणि तुम्हीही त्याच्या मागे जाता. विमान त्याला गाठू शकत नाही, पण मावळणं पुढे ढकललं जातं. घरच्या घड्याळाने सूर्यास्त होऊन गेला तरी खिडकीबाहेर ऊन असतं. आमच्या मिरकरवाड्यातले एक चाचा रमजानात निघाले होते, त्यांना हे आधी सांगितलं तेव्हा त्यांनी तारीखच बदलून घेतली. संकष्टीच्या चंद्रोदयाचंही तसंच, घरच्या पंचांगातली वेळ वर लागू पडत नाही. धर्माचा निर्णय तुमच्या भटजींना किंवा मौलवींना विचारा. मी फक्त आकाशात काय दिसेल ते सांगू शकतो. येताना उलट होतं, रात्र आखडते आणि झोप लागते न लागते तोच उजाडतं.

सामानात काय न्यायचं नाही?

सुकं खोबरं नेऊ नका. आपल्याकडची प्रत्येक आई ते बांधतेच, पण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकणारा माल म्हणून विमानाच्या नियमांत धोकादायक ठरतं. तपासणीत काढून ठेवतात आणि बिचारी आई तिथे उभी राहून बघत बसते. पेढे, खवा, तूप, लोणी, कुठलंही मांस हे ब्रिटनच्या नियमांत बसत नाही. काजूगर, कुळथाचं पीठ, सोलं, फणसपोळी चालते. आगळ आणि लोणची मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून; हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरच्या वर पातळ पदार्थ नको.

हापूस? १ मे २०१४ ला युरोपीय संघाने फळमाशीमुळे भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, ब्रिटन तेव्हा त्यातच होता. २०१५च्या जानेवारीत ती उठवण्याचं ठरलं. पेटी बांधण्याआधी ब्रिटिश सरकारचा त्या महिन्याचा नियम मुलाला वाचायला सांगा.

पूर्वी लोक कसे जायचे?

बोटीने, आठवडेच्या आठवडे. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य १९१८ साली खटल्यासाठी विलायतेला गेले ते बोटीनेच. एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं मुंबई-लंडन विमान ८ जून १९४८ ला उडालं, 'मलबार प्रिन्सेस' नावाचं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत.

अंतर म्हटलं की मला थिबा पॅलेसही आठवतो. ब्रह्मदेशातलं मंडाले रत्नागिरीपासून सुमारे २,४५० किलोमीटर, लंडनच्या एक तृतीयांश. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते आणि त्याच काळात मंडालेचा राजा थिबा इथे, आमच्या गावात, नजरकैदेत. थिबा १९१६ साली इथेच गेला. परत जाण्याचा दिवस ज्याला माहीत नाही त्याला अडीच हजार किलोमीटर किती लांब वाटले असतील, ते त्या वाड्याच्या गच्चीत उभं राहून समुद्राकडे पाहताना कळतं.

विमान उतरलं असेल ना? अजून फोन कसा नाही आला?

हा प्रश्न मला नेहमी रात्री साडेअकराला येतो. विमान उतरल्यावर जागेवर लागायला पंधरा-वीस मिनिटं, खुर्चीची वाट बघणं, पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा, या सगळ्यात तास-दीड तास सहज जातो. आपलं सिमकार्ड तिकडे चालेलच असं नाही, आणि विमानतळाचं वायफाय वयस्कर माणसांना लावता येत नाही. जानेवारीत दुपारी एकला निघालेल्या विमानासाठी आपल्या रात्रीच्या एकपर्यंत काळजी करायची नाही. विमानाचा क्रमांक घरात कुणाकडे तरी लिहून ठेवा; तो मोबाइलवर टाकला की उतरल्याची वेळ दिसते, आणि मग ओटीवरचा दिवा चालू ठेवून सगळ्यांनी जागत बसायची गरज पडत नाही. पहिला फोन न्यायला आलेल्या मुलाकडूनच येईल, हे आधीच ठरवून टाका.